उत्तरायणाच्या दिवशी पाणी

भाची : मामा, सरळच विचारते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या ॲनिमल हाउसच्या वहीत सकाळी नऊ वाजता सगळ्या बाटल्या तपासल्याची सही आहे. दाराच्या कॅमेऱ्यात मात्र सही करणारा माणूस साडेअकराला आत शिरताना दिसतो. एकही उंदीर दगावला नाही, एकही बाटली कोरडी नव्हती, म्हणून सोडून द्यायचं का? माझ्या हाताखाली चौदा जण आहेत, बहुतेक तुमच्याच तरसाली-मकरपुऱ्याकडचे. त्यातल्या काहींना तर तुम्हीच या कामाला लावलंत. मला त्यांचा राग आलेला नाही. पण मी आता प्रस्ताव ठेवणार आहे : प्रत्येक खोलीच्या दाराला बोटाचा ठसा, प्रत्येक रॅकला बारकोड, आणि वेळ माणसानं लिहायचीच नाही, यंत्रानं लिहायची. ज्या जिवाला हाक मारता येत नाही, दार ठोठावता येत नाही, त्याचं पाणी कुणाच्या आठवणीवर आणि भलेपणावर सोडायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

मामा : प्रस्ताव जरूर ठेव. पण त्या यंत्रानं काय मोजलं जाईल, ते आधी बघ. माणूस रॅकसमोर कधी उभा राहिला, एवढंच. बाटली तपासणं म्हणजे काय, हे तू आणंदला पशुवैद्यकी शिकलीस तरी तुला इथल्याच माणसांनी दाखवलं असेल. बाटली उलटी लावायची आणि नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का बघायचं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि आत उंदीर तहानलेला राहतो. झाकण नीट बसलं नाही तर रात्रीतून सगळी बाटली पिंजऱ्यात रिकामी होते, भुसा भिजतो, पिल्लं गारठतात. म्हणजे भरलेली बाटलीही फसवते आणि रिकामी बाटलीही फसवते. खरं सांगतो तो उंदीर. तहानलेला उंदीर आधी खाणं कमी करतो, त्याची केसं विस्कटतात, पाठ कमानीसारखी होते. हे ज्याला दिसतं तो साडेअकराला येऊनही काम करून जातो, आणि ज्याला दिसत नाही तो नऊला ठसा उमटवून निघून जातो. मी वहीच्या विरुद्ध नाही, तीस वर्षं मीच ती लिहून घेतली. पण शेऱ्याच्या रकान्यात आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं काय लिहिलं, ठाऊक आहे? ‘बराबर’. पानामागून पान ‘बराबर’. कारण तपासणीला आलेला माणूस पाणी कसं आहे हे विचारत नव्हता, सही कुठं आहे हे विचारत होता. आपण जे विचारतो तेच माणसं तयार ठेवतात.

भाची : तुमचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण वहीवर विश्वास ठेवता आला नाही की काय होतं, ते एकदा जगानं पाहिलंय. अमेरिकेत इलिनॉय राज्यात इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी प्रयोगशाळा होती. औषधं, कीटकनाशकं, कितीतरी रसायनं सुरक्षित असल्याचे अहवाल तिथून निघायचे. १९७६ मध्ये सरकारी तपासनीस आत शिरले तेव्हा कळलं, की उंदरांच्या एका मोठ्या खोलीत आपोआप पाणी देणारी यंत्रणा बिघडलेली होती. खोली सतत ओली, उंदीर भिजून, बुडून मरत होते, मेलेले पिंजऱ्यातच सडत होते. नोंदींमध्ये इंग्रजी आद्याक्षरांची एक खूण सापडली. तिचा अर्थ होता, ‘तपासण्याच्या पलीकडे कुजलेला’. तरी अहवाल निघत राहिले. त्या प्रकरणानंतर ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चे नियम आले, अमेरिकेत १९७८ मध्ये, पुढे इतर देशांत. आपल्याकडे त्यासाठी २००२ पासून राष्ट्रीय यंत्रणा आहे, आणि २०११ पासून इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माहिती ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या देशांत पुन्हा प्रयोग न करता स्वीकारली जाते. त्या शेवटच्या वाक्याकडे बघा, मामा. आमची वही विश्वासाची असेल तर दुसऱ्या देशात तेच औषध पुन्हा उंदरांना द्यावं लागत नाही. नऊ आणि साडेअकरा यांतला खोटेपणा एका माणसाच्या सुट्टीपुरता राहत नाही. नोंद खोटी निघाली, अभ्यास बाद झाला, तर त्यातला प्रत्येक प्राणी फुकट मेला. आणि मग दुसरे आणावे लागतात.

मामा : हे प्रकरण मला माहीत आहे, आमच्या प्रशिक्षणात सांगायचे. त्यात शिक्षा तिघांना झाली आणि तिघेही वरचे अधिकारी होते, हेही सांगायचे. पण माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट राहिली. त्या खोलीला तिथल्या लोकांनी नाव पाडलं होतं, ‘दलदल’. नाव कधी पडतं? रोज बघणाऱ्यांना दिसत असतं, आपापसांत ते बोलत असतात, तेव्हाच. म्हणजे खोलीची अवस्था कुणाला दिसली नाही, असं नव्हतं. दिसत होती, बोलली जात होती, तिला नावसुद्धा होतं. फक्त ते नाव लिहायला वहीत रकाना नव्हता, आणि लिहिलं असतं तर वाचणारा नव्हता. तू म्हणतेस त्यातून वहीचा धडा निघतो. मला त्यातून वेगळाच प्रश्न दिसतो : झाडणाऱ्या, पाणी देणाऱ्या माणसाचा शब्द वर कसा जातो?

आता आपला कायदा घे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्यात प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नैतिक समिती आणली. तिच्यात मुळात आठ जागा. एक जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या शाखांचे आणखी दोन शास्त्रज्ञ, प्राण्यांची देखभाल बघणारा पशुवैद्य, ॲनिमल हाउसचा प्रमुख शास्त्रज्ञ, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा पण समाजाची जाण असलेला एक माणूस, आणि सरकारी समितीचा प्रतिनिधी. बाहेरच्याला खुर्ची आहे, विज्ञान न कळणाऱ्याला खुर्ची आहे. जो माणूस त्या प्राण्याला रोज हातात घेतो, त्याला नाही. तुझ्या चौदा जणांपैकी एकानं तरी ती खोली आतून पाहिली आहे का? चहा घेऊन गेला असेल, तर तेवढीच.

भाची : खुर्चीचं मला पटतं, आणि माझ्याकडे त्याचं उदाहरणही आहे. ब्रिटनमध्ये प्रत्येक संस्थेला प्राण्यांच्या रोजच्या देखभालीसाठी एक नेमलेला, नावानिशी जबाबदार माणूस लागतो, आणि तिथल्या नैतिक समितीत तो असावाच लागतो. पण खुर्ची दिली म्हणून आवाज येत नाही, हे मी आमच्या छोट्या बैठकांत पाहिलंय. कार्यपद्धतीचे कागद इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, आणि आमची माणसं घरी गुजराती बोलणारी, काही घरांत मराठी, काही घरांत हिंदी. मी मागच्या वर्षी सगळ्या कार्यपद्धती गुजरातीत करून भिंतीवर लावल्या. तपासणीला आलेल्यांनी पहिला प्रश्न विचारला, की या भाषांतरावर मंजुरीची सही कुणाची? मी सही केली. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तोवर आम्ही माणसांना न कळणाऱ्या कागदावर ‘वाचलं आणि समजलं’ अशा सह्या घेत होतो. मला लाज वाटली.

मामा : ती लाज सांभाळून ठेव, उपयोगी पडेल. आणि भाषेवरून आठवलं. आपल्या बडोद्यात गायकवाडांच्या वेळी हत्ती होते, घोड्यांच्या पागा होत्या. हत्ती सांभाळणाऱ्याला माहूत म्हणायचे, घोडा सांभाळणाऱ्याला मोतद्दार, गुरं राखणाऱ्याला गुराखी. नावाबरोबर हुन्नर मान्य होतं. माहुताला न विचारता हत्तीला कुणी हात लावत नसे. उंदीर-सशांना सांभाळणाऱ्याला आपल्या भाषेत नावच नाही. कागदावर ‘ॲनिमल अटेंडंट’, कंत्राटदाराच्या यादीत ‘हेल्पर’, आणि घरी शेजाऱ्यांना काय सांगायचं म्हणून ‘कंपनीत आहे’. अमेरिकेत या कामाच्या लोकांची संघटना १९५० मध्ये उभी राहिली, आज तिथं परीक्षा आहेत, पायऱ्या आहेत. आमच्या तरसालीत आयटीआय आहे. तिथून फिटर, वेल्डर होऊन निघालेला पोरगा प्रमाणपत्र दाखवून मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिरतो. माझ्या हाताखालचा पोरगा सहा वर्षांत असा तयार झाला होता, की गाभण माउसच्या पिंजऱ्याकडे नुसतं बघून उद्या विणार की परवा, हे सांगायचा. पण त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता. पगार मात्र शेजारच्या कारखान्यातल्या नवख्यापेक्षा कमी. तो गेला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही. त्याच्या जागी आलेल्याला ते कळायला पुन्हा तेवढी वर्षं लागणार, आणि कंत्राट तर वर्षाचं. तू ज्यांच्यावर देखरेख करतेस ती माणसं टिकतच नसतील, तर देखरेख कुणावर करणार?

भाची : मामा, इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही ‘तयार झालेला’ म्हणता तेव्हा असं वाटतं, की ते कौशल्य देवानं कुणाच्या तरी हातात ठेवलंय आणि आपण फक्त तो हात ओळखायचा. या समजुतीनं प्राण्यांचं नुकसान केलंय. माउसला शेपटीला धरून उचलायचं, ही सगळ्या जगाची पद्धत होती. चांगल्या, मायाळू माणसांची सुद्धा. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी दाखवलं, की शेपटीनं उचललेले माउस घाबरट होतात, माणसाच्या हातापासून लांब पळतात. नळकांड्यात किंवा ओंजळीत घेऊन उचललेले मात्र शांत राहतात, स्वतःहून जवळ येतात. एक प्लास्टिकची नळी, मामा. पिंजऱ्यात ठेवायची, उंदीर आत शिरला की नळीसकट उचलायचा. मायेची परीक्षा नाही, सहा वर्षांचा अनुभव नाही. नवख्याला एका दुपारी शिकवता येतं. आणि शिकवल्यावर तो तसंच करतो की नाही, हे बघायला देखरेख लागते, कारण घाईत हात पुन्हा शेपटीकडे जातो.

दुसरं उदाहरण तर तुमच्या वहीवाल्या शंकेलाच उत्तर आहे. २०१४ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आढळलं, की पुरुष खोलीत असला की उंदरांना ताण येतो आणि त्या ताणानं त्यांचं दुखणं दबून जातं. बाईनं केलेल्या प्रयोगात तसं होत नाही. पुरुषानं अंगात घातलेला सदरा खोलीत नुसता ठेवला तरी तोच परिणाम. म्हणजे सोमवारी कोण ड्यूटीवर होतं आणि मंगळवारी कोण, यानं वेदनाशामकाचा निकाल बदलू शकतो. हे तुमच्या अनुभवी डोळ्याला तीस वर्षांत दिसलं असतं का? ते नोंदीतूनच दिसतं. माणसाचं नाव, वेळ, खोली, हे खरं लिहिलेलं असेल तरच.

मामा : शेपटीचं खरं आहे. मी तीस वर्षं शेपटीनंच उचललं, आणि शेकडो पोरांना तसंच शिकवलं. शेपटीच्या मुळाशी धर, टोकाला धरू नकोस, एवढीच दया मला ठाऊक होती. तू पहिल्यांदा ती नळी दाखवलीस त्या रात्री मला झोप आली नव्हती, तुला सांगितलं नाही. म्हणून अनुभवाचा अहंकार मी धरत नाही. शिकवता येतं ते शिकव, मोजता येतं ते मोज.

पण एक जागा अशी आहे, जिथं तुझी नळी पोहोचत नाही. माझ्याकडे सशांच्या खोलीवर एक जण होता. नाव सांगत नाही, आजही इथंच मागच्या गल्लीत राहतो. अभ्यास संपला की ससे मारावे लागायचे. मी पाहिलं, की त्या आठवड्यात तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. मला वाटलं, हे माझं काम आहे, यातून त्याला सोडवायला हवं. मी नियम केला : ज्यानं वाढवलं त्यानं मारायच्या खोलीत जायचं नाही, दुसऱ्या खोलीतला माणूस ते करेल. तेव्हाही चांगल्या संस्थांत असंच सुचवत, आज तर सुचवतातच. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तो मात्र संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, “साहेब, सहा महिने माझ्या हातचं खाल्लं त्यांनी. शेवटी परक्याचा हात का? त्याला बघून ते पाय झाडतील. माझ्या मांडीवर ते शांत बसतात.” मी काय बोलणार? ससा घाबरला आणि मागचे पाय जोरात झाडले तर त्याची स्वतःची पाठ मोडते, हे मीच त्याला शिकवलं होतं. सशाच्या बाजूनं तो बरोबर होता. त्याच्या स्वतःच्या बाजूनं माझा नियम बरोबर होता. प्राण्याचं भलं आणि माणसाचं भलं एकाच दारातून जात नव्हतं, आणि दारावर मी उभा होतो.

भाची : मग काय केलंत?

मामा : त्याला जाऊ दिलं. तीन वर्षं त्यानंच केलं. एकही ससा पाय झाडून मेला नाही. चौथ्या वर्षी त्यानं काम सोडलं आणि आता रिक्षा चालवतो. भेटला की हसतो, पण ॲनिमल हाउसचा विषय काढत नाही. मी चुकलो की बरोबर होतो, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. तुला माझं एकच सांगणं आहे. आपण या माणसांकडून दोन गोष्टी एकदम मागतो. जीव लाव, कारण जीव लावल्याशिवाय विस्कटलेली केसं दिसत नाहीत. आणि जीव लावू नकोस, कारण शुक्रवारी अभ्यास संपतोय. मी कुठल्याही कार्यपद्धतीत ही मागणी लिहिलेली वाचली नाही. तिची मजुरी कुणी ठरवली नाही.

भाची : माझ्याकडे याला उत्तर नाही. असल्याचं सोंगही आणत नाही. मी एवढंच केलंय, की आता आधी विचारते. ज्याला जायचं असेल त्यानं जावं, नको असेल तर कारण न सांगता नाही म्हणावं, आणि ‘नाही’ म्हटल्याची कुठे नोंद नाही. ही एक गोष्ट मी मुद्दाम वहीबाहेर ठेवली आहे.

मामा : बघ, तुझ्याही हातून वहीबाहेर काहीतरी ठेवलं गेलं.

भाची : ठेवलं, पण त्याची भीतीही वाटते. वहीबाहेर राहिलेली चांगली गोष्ट मी गेल्यावर टिकत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचंच घ्या. निम्म्याहून अधिक माणसं पोहोचू शकली नाहीत, कुणाच्या घरात पाणी, कुणाचा रस्ता बंद. जे पोहोचले ते कुणी न सांगता आले, एक जण तर रात्री तिथंच झोपला. सगळ्यांनी त्यांची वाहवा केली. मला मात्र सारखं वाटत होतं, की आपण नशिबावर चाललोय. वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं, तर हवा खेळती ठेवणाऱ्या बंद पिंजऱ्यांतले उंदीर गुदमरतात. आपल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तरी तेच. खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत आणि आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांत असावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बाहेर ४२ अंश असताना ते कोण राखतं? यंत्र राखतं, आणि यंत्र बंद पडलं की माणूस. तो माणूस येईलच, हे चांगुलपणावर सोडायचं? पुरानंतर मी यादी केली. कोण कुठे राहतं, कोणत्या रस्त्यानं येऊ शकतं, रात्री राहणाऱ्याला जेवण कोण देणार, जादा पैसे किती. कंत्राटदारानं पैशांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे कोण देणार? पण यादी झाली, तेव्हाच निदान तो प्रश्न कागदावर आला.

मामा : हे तू चांगलं केलंस. दिवाळीचं आणि नवरात्राचंही त्यात घाल. उंदरांना आपल्याला ऐकू येत नाहीत ते आवाजही ऐकू येतात, ट्रॉलीचं करकरणारं चाक, किल्ल्यांचा जुडगा. फटाक्यांच्या रात्रीनंतर नवी व्यायलेली मादी पिल्लं खाऊन टाकते, हे मी किती वेळा पाहिलं. त्या आठवड्यात विणीच्या खोलीत नवीन माणूस लावू नकोस.

आणि तुझ्या वयाची माणसं आणखी एक विचारतात, की हे सगळं आणखी किती दिवस? आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या २०१४ मध्ये बंद झाल्या, २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांवाचून होणाऱ्या चाचण्यांना जागा मिळाली. मला आनंद आहे. पण करोनात पुण्याच्या विषाणू संस्थेला आपल्या लशीसाठी माकडं लागलीच, वीस. त्या वीस माकडांना रोज खाऊ घालणारी माणसं होती, त्यांची नावं आपण कुणी विचारली नाहीत. काम कमी होत जाईल, आणि जे उरेल ते सगळ्यात अवघड उरेल. तेव्हा ते कुणाच्या हातात असेल, याची मला चिंता आहे.

भाची : म्हणून मला एक अधिकार त्यांच्या हातात द्यायचा आहे. प्राणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे त्रासात दिसला, तर पुढचा डोस थांबवायचा. शास्त्रज्ञाला विचारून नाही, आधी थांबवायचा आणि मग मला फोन करायचा, रात्री कितीही वाजता. वेदना ओळखायचं मोजमाप आता आहे. २०१० पासून माउसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत आहे. डोळे आवळलेले, गाल आणि नाक फुगलेले, कान मागे ओढलेले, मिशा ताठ. आमच्यातल्या एका बाईनं ती चित्रं बघून मला सांगितलं, “मॅडम, हे तर आम्ही बघतोच. कुणी विचारलं नाही.”

मामा : आणि ती चुकली तर? महिनाभराचा अभ्यास, त्यामागे पैसा, तारखा. एका हेल्परनं डोस थांबवला आणि नंतर कळलं की उंदीर नुसता झोपेत होता. शास्त्रज्ञ तुझ्या दारात उभा राहील. तेव्हा तू काय म्हणशील?

भाची : म्हणेन, की थांबवणं बरोबर होतं.

मामा : पहिल्या वेळी म्हणशील. तिसऱ्या वेळी? आणि वरून विचारणा आल्यावर? मी हे हिणवायला विचारत नाही. माझ्यावर ती वेळ आली होती. मी माणसाच्या बाजूनं उभा राहिलो नाही. प्राण्याची तब्येत खरोखर बिघडलेली होती, त्या माणसानं बरोबर ओळखलं होतं. मी वहीत ‘निरीक्षण चालू’ असं लिहिलं. त्यानंतर त्या माणसानं मला कधीच काही सांगितलं नाही. त्याच्या खोलीच्या शेऱ्यात पुढं सगळं ‘बराबर’ येत राहिलं. मघाशी मी तुला ‘बराबर’ची गोष्ट सांगितली, तेव्हा हे सांगायचं टाळलं होतं. तो शब्द त्यांनी आळसानं लिहिला नाही. मी त्यांना शिकवला.

भाची : मामा…

मामा : असू दे. उत्तरायणाच्या त्या सहीचं काय करणार आहेस?

भाची : खोटी नोंद तशीच ठेवता येणार नाही. नियमानं दुरुस्त करावी लागेल. मूळ वेळ वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरी वेळ, तारीख, सही, आणि दुरुस्तीचं कारण. ते ज्याची सही आहे त्यानंच करायचं. मी त्याला उद्या बोलावलंय.

मामा : कारण काय लिहिणार?

भाची : साधारणपणे ‘लिहिण्यातील चूक’ असं लिहितात.

मामा : पण ही लिहिण्यातली चूक नव्हती. त्याला उशीर झाला आणि त्यानं तो लपवला. का लपवला, हे तू विचारलंस का?

भाची : नाही. मी कॅमेरा बघितला, वही बघितली. त्याला विचारलं नाही.

मामा : मग उद्या तो रकाना त्याच्याकडूनच भरून घे. गुजरातीत, त्याच्या शब्दांत. तू सांगू नकोस.

भाची : आणि त्यानं ‘साडेअकराला आलो असं लिहिलं असतं तर दिवसाचा पगार कापला गेला असता’ असं लिहिलं तर? तो कंत्राटदाराचा नियम आहे, माझा नाही. पण वही माझी आहे. पुढच्या तपासणीत ते पान उघडलं जाईल.

मामा : तेच विचारतोय तुला. त्या पानाखाली, पाहिलं म्हणून, तुझी सही लागेल. करशील?